चित्र थबकतं, तुटतं, जातं: सॅटेलाइट रिसीव्हरवर पुन्हा पुन्हा येणारी सिग्नलची अडचण

आधी लक्षणं नीट पाहा. रिसीव्हरच्या मेनूत सिग्नलचं पान असतं आणि त्यावर दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बिघाड चालू असतानाच ते पान उघडा. सगळं सुरळीत झाल्यावर पाहून काहीच कळत नाही.

- दोन्ही पट्ट्या शून्य, एकही चॅनेल नाही, कधी 'एलएनबी शॉर्ट' असा संदेश: एलएनबीपर्यंत (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) वीज पोचत नाही, किंवा केबल कुठेतरी तुटली वा शॉर्ट झाली आहे.
- स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी शून्य: एलएनबीला वीज मिळते आहे, पण हवा तो उपग्रह पकडला जात नाही. सेटिंग, स्विच (एकाहून जास्त एलएनबी एका केबलवर जोडणारा भाग) किंवा डिशची दिशा.
- साधारण अर्धी चॅनेल गायब, उरलेली ठणठणीत: व्होल्टेज किंवा २२ किलोहर्ट्झचा टोन (या दोन्हींनी रिसीव्हर एलएनबीला कुठली चॅनेल पकडायची ते सांगतो), म्हणजे पर्यायाने केबल, स्विच किंवा एलएनबी.
- एचडी चॅनेल तुटतात, साधी चालतात: सिग्नल काठावर आला आहे.
- दुपारी जातं आणि संध्याकाळी येतं, किंवा उलट: तापलेला भाग, सहसा एलएनबी किंवा रिसीव्हरचा वीजपुरवठा.
- क्वालिटी उत्तम, पण पडदा काळा आणि 'स्क्रॅम्बल्ड'चा संदेश: कार्ड किंवा सदस्यत्व.
- क्वालिटी स्थिर, तरी चित्र दर काही सेकंदांनी थबकतं: याबद्दल पुढे सविस्तर.

स्ट्रेंथ या पट्टीवर फार विसंबू नका. ती फक्त केबलमधून किती ऊर्जा येते ते दाखवते, आणि एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्यात धरलेला असतो. मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेली डिशसुद्धा भरपूर स्ट्रेंथ दाखवते. क्वालिटीची पट्टी गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगते, आणि चित्र तिच्यावरच चालतं. डिजिटल प्रक्षेपण हळूहळू धूसर होत नाही. मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र निर्दोष, मर्यादेखाली गेलं की चौकोन आणि मग काळा पडदा. ही मर्यादा प्रक्षेपणाच्या प्रकारावर ठरते. डीव्हीबी-एस२ या प्रक्षेपण-पद्धतीत क्यूपीएसके ३/४ या साध्या प्रकाराला सिग्नल गोंगाटाच्या सुमारे ४ डेसिबल वर असला की पुरतं, तर ८पीएसके ३/४ या दाट प्रकाराला सुमारे ८ लागतात. एचडी चॅनेल बहुधा दुसऱ्या प्रकारात असतात, म्हणून तीच आधी कोसळतात. 'एचडीच का जातं, बॉक्स खराब आहे का' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

डिशला हात शेवटी

पुढच्या तपासण्या स्वस्तापासून महागाकडे आणि टीव्हीपासून छताकडे जातात. घट्ट बसवलेली डिश सहसा आपणहून सरकत नाही. जोड गंजतात, केबलमध्ये पाणी शिरतं, स्विच मरतो. डिश आधी हलवली तर मूळ दोष तसाच राहतो आणि दिशा चुकल्याचा दुसरा दोष वर चढतो. मग दोन्ही एकत्र शोधायला लागतात, आणि ते काम खरोखर जिकिरीचं आहे.

फुकटातल्या तपासण्या

कुठली चॅनेल जातात ते कागदावर लिहा. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन (लहरीची दिशा: एच म्हणजे हॉरिझाँटल, आडवी, की व्ही म्हणजे व्हर्टिकल, उभी) आणि सिम्बॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) चॅनेलच्या माहितीत दिसतो. एकच चॅनेल गेलं असेल तर तुमच्याकडे दोष शोधू नका. ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हललं असण्याची शक्यता जास्त, पुन्हा स्कॅन करा. एका फ्रिक्वेन्सीवरची सगळी गेली असतील, किंवा सगळी एच गेली असतील, तर तो कागदच पुढचा रस्ता दाखवतो.

हवामान आणि वेळ पाहा. वळिवाच्या मुसळधार पावसात केयू-बँड (घरगुती छोट्या डिश ज्यावर चालतात तो, सुमारे ११-१२ गिगाहर्ट्झचा पट्टा) काही मिनिटं जाणं स्वाभाविक आहे. पण भुरभुर पावसात जात असेल तर तुमच्याकडे राखीव सिग्नल उरलेला नाही आणि दोष शोधायलाच हवा. आणखी एक नैसर्गिक कारण वर्षातून दोनदा येतं: विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये शिरतो. रोज ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो आणि आपोआप परततो. उत्तर गोलार्धात हे मार्चच्या विषुवदिनाआधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर घडतं. त्या दिवसांत काही दुरुस्त करू नका.

अडकलेल्या चॅनेलच्याच फ्रिक्वेन्सीवरचं एखादं मोफत, म्हणजे कार्डाविना दिसणारं चॅनेल लावा. ते स्वच्छ चाललं आणि शेजारचं सशुल्क चॅनेल अडकलं, तर डिश, केबल, एलएनबी सगळं निर्दोष आहे आणि अडचण कार्डाच्या बाजूची आहे. या एका तपासणीने छतावरच्या कित्येक फेऱ्या वाचतात.

मग रिसीव्हर भिंतीतून पूर्ण बंद करा. रिमोटचं बटण पुरत नाही. त्याने तो फक्त झोपतो. पिन काढून एक मिनिट थांबा. केबलच्या मधल्या तारेतून एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात, त्यामुळे इथून पुढे प्रत्येक वेळी जोड काढण्या-लावण्याआधी पिन बाहेर, हा नियम पाळा. चालू बॉक्सवर कनेक्टर फिरवताना केबलच्या सालीखालच्या जाळीचा एक तंतू मधल्या तारेला टेकला तरी एलएनबीचा पुरवठा शॉर्ट होतो. काही बॉक्स स्वतःला वाचवतात, सगळे नाही.

सेटिंग

अपडेट किंवा फॅक्टरी रीसेटनंतर सुरू झालेली अडचण जवळजवळ नेहमी इथली असते. केयू-बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीसाठी लोकल ऑसिलेटर (उपग्रहाची फ्रिक्वेन्सी खाली आणायला एलएनबी वापरतो तो आकडा, मेगाहर्ट्झमध्ये) खालच्या बँडला ९७५० आणि वरच्या बँडला १०६००, टोन ऑटो. नेहमीच्या सी-बँड (मोठ्या डिशचा, सुमारे ४ गिगाहर्ट्झचा पट्टा) एलएनबीसाठी ५१५०. एलएनबीवरच्या लेबलवर हे आकडे छापलेले असतात. मेनूत तेच हवेत. स्विच असेल तर डायसेकचा (रिसीव्हर स्विचला आज्ञा देतो ती पद्धत) पोर्टही तपासा: ए ऐवजी बी निवडला गेला की स्ट्रेंथ दिसते आणि क्वालिटी शून्य राहते.

या आकड्यांचा उपयोग पुढेही होतो. केयू-बँडमध्ये उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून ऑसिलेटरचा आकडा वजा केला की केबलमधली फ्रिक्वेन्सी मिळते, आणि ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या आत असते. ११,६४० मधून ९७५० गेले की १८९०. आता घरातले डेक्ट पद्धतीचे कॉर्डलेस फोन जिथे वापरात आहेत, तिथे ते बहुधा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात. जोड ढिला किंवा केबलची जाळी विरळ असेल तर फोनचा सिग्नल आत शिरतो आणि ११,६४० च्या आसपासची चॅनेल, तसंच वरच्या बँडमध्ये १२,४९० च्या आसपासची, फोन वाजला की तुटतात. फक्त एकाच फ्रिक्वेन्सीवर वारंवार त्रास होत असेल तर ही वजाबाकी करून पाहा. उपाय म्हणजे फोनचा तळ दूर नेणं आणि जोड नीट बसवणं.

जोड: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

रिसीव्हरच्या मागचा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा आटे असलेला जोड) काढा आणि उजेडात बघा. मधली तांब्याची तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. आखूड असेल तर आतल्या पकडीत नुसती टेकते. गारव्याने केबल आकसली की संपर्क तुटतो आणि उन्हात जुळतो. ठरावीक वेळी येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नलमागे हे कारण फार वेळा निघतं. फार लांब असेल तर सॉकेटची पकड फाकते. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत हवा, आणि जाळीचा एकही तंतू मधल्या तारेजवळ नको. तार काळी किंवा हिरवी दिसली तर पुसत बसू नका. केबल थोडी कापून नवा कनेक्टर लावा. पिळून बसवायचे कनेक्टर घरात चालून जातात. बाहेर मात्र कॉम्प्रेशनचेच वापरा, कारण पिळलेला कनेक्टर वाऱ्याने हलत-हलत सैल होतो आणि पाणी आत घेतो.

मधली सगळी मंडळी तात्पुरती काढून टाका: भिंतीतला सॉकेट, स्प्लिटर, जुना ॲम्प्लिफायर. साधा टीव्हीचा स्प्लिटर सहसा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच नीट चालतो आणि वीज पुढे जाऊ देतोच असं नाही. सॅटेलाइटसाठी २१५० मेगाहर्ट्झच्या वर चालणारा आणि डीसी, म्हणजे एलएनबीची वीज, जाऊ देणारा भाग लागतो. डिशकडून येणारी केबल थेट रिसीव्हरला लावल्यावर अडचण संपली, तर दोष मधल्याच कशात तरी आहे. एकेक भाग परत लावत गेलं की तो सापडतो.

केबल

चांगली आरजी-६ केबलसुद्धा १००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमध्ये सुमारे २० डेसिबल खाते, आणि २१५० ला सुमारे ३०. म्हणून लांब किंवा थकलेल्या केबलवर केयूच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही बँडमधल्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात. तुमच्या कागदावर तसं चित्र दिसत असेल तर केबलवर संशय घ्या.

दुसरा मुद्दा विजेचा. १३ व्होल्टला एलएनबी व्हर्टिकल घेतो, १८ ला हॉरिझाँटल, आणि दोहोंमधली सीमा साधारण १४ ते १५ व्होल्टच्या दरम्यान असते. स्वस्त केबलमध्ये मधली तार पोलादाची असून तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो. उच्च फ्रिक्वेन्सी पृष्ठभागावरूनच वाहते, त्यामुळे सिग्नलला फरक पडत नाही. डीसीला मात्र रोध कित्येक पट वाढतो. लांब केबलवर एलएनबी दीड-दोनशे मिलीॲम्पिअर ओढू लागला की १८ चे १५ होऊ शकतात, आणि सगळी हॉरिझाँटल चॅनेल गायब. थंड सकाळी येतात, तापल्यावर जातात. केबलला चुंबक लावून बघा: मधली तार ओढली गेली तर ती पोलादाची आहे. तीस मीटरच्या पुढच्या अंतराला पूर्ण तांब्याची तारच घ्या.

मल्टिमीटर असेल तर दोन मापं पुरतात. केबल दोन्ही टोकांनी सोडवून मधली तार आणि जाळी यांतला रोध पाहा: तो अनंत, म्हणजे जोड अजिबात नाही, असं दिसायला हवं. शून्य किंवा दुसरा कुठला आकडा दाखवला तर आत शॉर्ट किंवा पाणी आहे. मग रिसीव्हरचं टोक जोडून बॉक्स चालू करा आणि डिशकडच्या टोकाला व्होल्टेज मोजा, एच आणि व्ही चॅनेल आलटून पालटून लावत. १३ आणि १८ च्या जवळपासचे दोन वेगळे आकडे दिसायला हवेत. हे माप घेताना तपासणीच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. एक मर्यादा ध्यानात ठेवा: एलएनबी न जोडता घेतलेलं माप बरोबर आलं तरी भाराखाली व्होल्टेज पडू शकतं. म्हणून लांब केबलवर टी-जोड लावून, एलएनबी चालू ठेवून मोजलेलं माप खरं.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण केबल सर्वाधिक मरते ती पाण्यानेच. डिशकडच्या सैल कनेक्टरमधून शिरलेलं पाणी जाळीतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पुढे सरकत जातं. साल सोलल्यावर जाळी काळी, पांढुरकी किंवा ओलसर दिसली तर अर्धा मीटर कापून पुन्हा पाहा. चकचकीत जाळी लागली तर तिथून नवा कनेक्टर लावा. एक-दोन मीटर कापूनही काळीच असेल तर ती केबल गेली, पूर्ण बदला. सुकवून चालत नाही. नवा जोड स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने, खालून वर, प्रत्येक वळसा आधीच्यावर अर्धा येईल असा गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातल्या आम्लाने तांबं खराब होतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळतं.

स्विच आणि एलएनबी

डायसेक स्विच बाहेर उघड्यावर असेल तर तोच आधी गुन्हेगार माना. त्याला वगळून केबल थेट एलएनबीला जोडा, मेनूत डायसेक बंद करा. क्वालिटी आली तर स्विच बदला.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तपासा. उन्हाने तिला तडे जातात, आत पाणी साठतं, गांधीलमाश्या घर करतात. तापलं की ऑसिलेटर सरकणारा एलएनबी दुपारी कमी सिम्बॉल रेटची चॅनेल आधी घालवतो, कारण त्यांचा अरुंद सिग्नल थोड्या सरकण्यानेही निसटतो. टोकाला भाराखालीही व्होल्टेज बरोबर असून एकच पोलरायझेशन मेलं असेल तर एलएनबी नक्की बदलायचा. काढण्याआधी त्याचा पट्टीतला कोन आणि आतलं-बाहेरचं अंतर मार्करने खुणावून ठेवा. नवा तसाच बसवला तर डिश हलवायची गरज पडत नाही.

सी-बँड वापरणाऱ्यांसाठी: जवळ ५जीचा मनोरा उभा राहिल्यानंतर सगळाच उपग्रह गेला असेल तर एलएनबीला दोष देऊ नका. ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा जोरदार सिग्नल एलएनबीला बधिर करतो. त्यासाठी एलएनबीच्या तोंडाशी बसणारा बँडपास फिल्टर मिळतो, आणि तो मोठ्या डिशपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रिसीव्हरचा वीजपुरवठा

बॉक्स स्वतःहून रीस्टार्ट होत असेल, किंवा तापल्यावर फक्त एच चॅनेल जात असतील, तर आधी बाहेरचा अडॅप्टर बदलून पाहा. व्होल्टेज तेवढंच, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, पिनची ध्रुवता तीच. आत वीजपुरवठा असलेल्या बॉक्समध्ये फुगलेले कपॅसिटर हे नेहमीचं कारण. पण झाकण उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

पडदा काळा, क्वालिटी उत्तम

कार्ड काढून संपर्कपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने लिंट नसलेल्या कपड्याने पुसा, चिप योग्य बाजूला ठेवून घट्ट बसवा. बॉक्स बराच काळ बंद असेल तर कार्डावरचे अधिकार जुने झालेले असतात. सेवेचं एखादं चॅनेल लावून बॉक्स चालू ठेवा, ते उपग्रहावरूनच नव्याने येतात. तरीही झालं नाही तर सेवादात्याला कार्ड क्रमांक देऊन अधिकार पुन्हा पाठवायला सांगा.

आता ते दर काही सेकंदांनी थबकणारं चित्र. सांकेतिक प्रक्षेपण उघडणारी किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते आणि अधिकृत कार्ड ती बॉक्समध्येच, लगेच काढून देतं. कार्ड शेअरिंगमध्ये एका कार्डातून निघालेल्या किल्ल्या इंटरनेटवरून अनेक घरांत पाठवतात. किल्ली उशिरा पोचली की पुढची येईपर्यंत चित्र गोठतं. डिश आणि केबल पूर्ण निर्दोष असताना त्यांवर पैसे घालवणारे लोक बहुतेक वेळा हीच अडचण सांगत असतात. माझं मत स्पष्ट आहे: याची दुरुस्ती करायची नसते. अशी सेवा चालवणं व विकणं अनेक देशांत गुन्हा आहे, युरोपीय संघाने तर १९९८ सालीच त्यावर स्वतंत्र निर्देश काढला. शिवाय अनोळखी सॉफ्टवेअर भरलेला बॉक्स तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये बसलेला असतो. स्वतःच्या नावाचं कार्ड घ्या किंवा मोफत चॅनेल पाहा. चित्र थबकणं त्याच क्षणी बंद होईल.

डिश, अगदी शेवटी

समोरचं झाड वाढलं आहे का, नवं बांधकाम आलं आहे का, हे आधी पाहा. पानं ओली झाली की सिग्नल जातो, म्हणून असा दोष पावसाचा वाटतो. खांब ओळंब्यात आहे का आणि नट-बोल्ट घट्ट आहेत का ते तपासा. डिशच्या कडेवर दोन दोरे फुलीसारखे ताणा. मध्यावर ते जेमतेम टेकायला हवेत. फट पडत असेल किंवा दाब येत असेल तर डिश वाकली आहे, आणि वाकलेली डिश कितीही फिरवली तरी पूर्ण सिग्नल देत नाही.

फिरवायचीच असेल तर आधीची जागा खुणावून मगच बोल्ट सैल करा. केयू-बँडवर ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे ३ अंशांचा असतो, ९० सेंटिमीटरचा २ अंशांचा. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आहे. कडेला काही मिलिमीटर हलवणंही पुष्कळ होतं. हलवा, तीन-चार सेकंद थांबा, क्वालिटी वाचा, मग पुढे. रिसीव्हरला लॉक व्हायला वेळ लागतो. घाईत माणूस शिखर ओलांडून जातो.

इथे थांबा

उतरत्या छतावर, शिडीवर एकट्याने, ओल्यात, वाऱ्यात किंवा विजेच्या तारांजवळ डिश असेल तर चढू नका. वीज पडल्यानंतर सिग्नल गेला असेल तर काहीही जोडण्याआधी तंत्रज्ञाकडून अर्थिंगसह सगळं तपासून घ्या. कनेक्टरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर टीव्ही, रिसीव्हर, रेकॉर्डर, सगळ्यांच्या पिना काढा. अर्थिंग नसलेल्या उपकरणांमधून थोडी गळती होते, पण ती थोडीच आहे की जीवघेणी, हे इलेक्ट्रिशियनने मोजून सांगायचं. इमारतीची सामायिक डिश आणि मल्टिस्विच (एका डिशचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा भाग) असेल तर घराच्या सॉकेटपलीकडे हात घालू नका. एका चुकीने सगळ्यांचा पुरवठा जातो. आणि केबल नवी, व्होल्टेज बरोबर, एलएनबी बदललेला, तरी क्वालिटी शून्य असेल, तर मीटर असलेल्या माणसाशिवाय पुढे जाऊ नका.

तो आल्यावर तुमचा चॅनेलांचा कागद त्याच्या हाती द्या. एकाच ट्रान्सपॉन्डरचं (म्हणजे उपग्रहाच्या एकाच फ्रिक्वेन्सीचं) सिग्नल-गोंगाट गुणोत्तर आधी एलएनबीपाशी आणि मग रिसीव्हरच्या टोकाला मोजायला सांगा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर केबल बरी आहे आणि काम डिशपाशी आहे. खालचा आकडा एक-दोन डेसिबलहून जास्त घसरला असेल तर केबल किंवा जोड बदलल्याशिवाय त्याला डिश फिरवू देऊ नका. काम झाल्यावर ते आकडे तारखेसह रिसीव्हरच्या मागे चिकटवा.